लेकरांचा वेळ कोणी नेला?

अलिबागच्या मासळीबाजारात सकाळी नऊच्या सुमारास गेले, तर एक दृश्य हमखास दिसते. पाटीपुढे बसलेली कोळीण हाताने मासळी साफ करीत असते, तोंडाने गिऱ्हाइकाशी भावाची घासाघीस चालू असते, आणि तिच्या पाठीमागे बर्फाच्या खोक्याला टेकून दीड-दोन वर्षांचे मूल मोबाईलच्या पडद्यावर डोळे लावून बसलेले असते. बाजारात एवढा कोलाहल, मांजरांची पळापळ, कावळ्यांची झोंबाझोंबी, बर्फ फोडल्याचे आवाज. पण त्या मुलाची मान वर होत नाही. रेवसच्या धक्क्यावर हेच दिसते, मुरुडच्या एस.टी. स्थानकात हेच दिसते. नागाव-काशीदकडील घरगुती खानावळींच्या मागल्या पडवीत आणि पेणच्या बाजूच्या वीटभट्टीवरही आता हेच दिसू लागले आहे. विचारले तर आई एवढेच सांगते, ‘काय करणार, हातात दिला की गप्प बसतो.’

या उत्तरावर समाजात दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात. सुखवस्तू वर्ग नाक मुरडून म्हणतो की, या बायकांना मुले वाढवायची अक्कल नाही. दुसरा पक्ष म्हणतो की, काळ बदलला आहे, मुले हुशार झाली आहेत, दोन वर्षांचे पोर आपल्याआधी फोन चालवते, यात बिघडले काय? आमच्या मते या दोन्ही प्रतिक्रिया उथळ आहेत. पहिली आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करते आणि दुसरी प्रश्नच नाकारते. वस्तुतः हा प्रश्न श्रमाचा आहे, वेळेचा आहे आणि समाजाने लहान मुलांसाठी काय उभारले व काय उभारले नाही याचा आहे. कार्यकर्त्यांनी तो ‘घरगुती बाब’ म्हणून बाजूला टाकू नये, यासाठी हे लिहिणे अगत्याचे वाटते.

प्रथम मुलाच्या मेंदूचे काय होते, ते पाहू. मेंदूची पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक वाढ वयाच्या सहाव्या वर्षाआधी होते, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच नमूद केलेले आहे. ही वाढ अन्नाने होते तशी ती देवघेवीनेही होते. मूल बोट दाखवते, आजी म्हणते ‘कावळा’, मूल ‘काव काव’ करते, आजी हसते, मूल पुन्हा बोट दाखवते. वरवर पाहता हा पोरखेळ. पण शब्द, लक्ष देण्याची सवय, आपल्या कृतीला जगाकडून उत्तर येते हा विश्वास, या साऱ्यांची उभारणी अशा शेकडो बारीकसारीक देवघेवींतून होत असते. पडदा रंग दाखवितो, गाणी म्हणतो, प्राणी नाचवितो. पण मुलाने बोट दाखविले तर त्याला उत्तर देत नाही. त्याच्या लेखी मूल समोर असले काय आणि नसले काय, सारखेच.

याचा पडताळा संशोधकांनी घेतलेला आहे. अमेरिकेत सिअॅटल येथे पॅट्रिशिया कूल व त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या इंग्रजी घरांतील बालकांवर एक प्रयोग केला. तो २००३ साली प्रसिद्ध झाला. काही बालकांशी चिनी भाषा बोलणारी माणसे प्रत्यक्ष खेळली, बोलली. इतर बालकांना तेच बोलणे पडद्यावर दाखविले, किंवा नुसते ऐकविले. बारा बैठकांनंतर ज्यांच्यासमोर जिवंत माणूस होता त्या बालकांना चिनी भाषेतील ध्वनी ओळखू येऊ लागले. पडद्यासमोरची बालके होती तेथेच राहिली. आवाज तेच, शब्द तेच. उणे होते ते फक्त माणूस.

दुसरा प्रयोग याहून अधिक विचार करावयास लावणारा आहे, कारण त्यात फोन मुलाच्या हातात नव्हता, आईच्या हातात होता. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आयांना सांगण्यात आले की, आपल्या दोन वर्षांच्या मुलाला दोन नवे शब्द शिकवा. एक शब्द शिकविताना मध्येच आईला फोन आला, दुसरा शिकविताना आला नाही. दोन्ही शब्द मुलाने सारख्याच वेळा ऐकले होते. तरी जो शब्द अखंड शिकविला गेला तो मुले शिकली; ज्याच्या मध्ये फोन आला तो शिकली नाहीत. प्रश्न मुलाच्या हातातील फोनपुरताच नाही, तो आपल्या सर्वांच्या हातांतील फोनचा आहे, हे यावरून ध्यानात यावे. घरात चार माणसे आहेत आणि चौघांच्या माना चार पडद्यांवर झुकलेल्या आहेत, अशा घरात मूल माणसांनी वेढलेले असूनही एकटे असते.

या प्रयोगांपलीकडे मोठी सर्वेक्षणेही आहेत. कॅनडातील सुमारे चोवीसशे मायलेकरांच्या पाहणीत (२०१९) असे दिसले की, दोन व तीन वर्षांच्या वयात जी मुले पडद्यासमोर अधिक वेळ होती, ती पुढे तीन व पाच वर्षांच्या वयात विकासाच्या चाचण्यांत मागे पडली. ऑस्ट्रेलियातील दोनशेवीस कुटुंबांच्या अभ्यासात (२०२४) पडद्याचा वेळ वाढला तसतसे मुलाच्या कानी पडणारे मोठ्यांचे शब्द घटले, मुलाचे स्वतःचे बोलणे घटले आणि परस्परांतील संवादही घटला. अर्थात अशा पाहण्यांतून सगळा दोष पडद्याचाच, असे सिद्ध होत नाही. गरिबी, आईचे शिक्षण, घरातील ताण यांचाही वाटा त्यात असतो. फोन पाहिला म्हणून मूल मतिमंद होते, ही बाजारगप्प आम्ही पसरवू इच्छीत नाही. परंतु पडद्यापुढे गेलेला तास हा बोलण्याचा, हाताळण्याचा, धडपडण्याचा तास असतो आणि तो परत येत नाही, एवढे नि:संशय म्हणता येते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की, एक वर्षापर्यंतच्या मुलाला पडदा मुळीच दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी तासाहून अधिक दाखवू नये. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२१ साली दोन वर्षांपर्यंत पडदा नको, पाच वर्षांपर्यंत तासाच्या आत, असाच सल्ला दिला. सल्ला योग्य आहे. पण तो कोणाला दिलेला आहे? मुलापाशी बसावयास मोकळे माणूस आहे, असे तो गृहीत धरतो. जिच्या घरी असे माणूस नाही, तिने काय करावे?

रायगडचा किनारा या प्रश्नाचे जितेजागते उदाहरण आहे. येथील तरुण मुंबई-पनवेलला नाहीतर उरणच्या गोदामांत बाराबारा तास राबतो. कित्येक घरांचे कर्ते पुरुष जहाजावर किंवा आखाती देशांत आहेत. कोळीण पहाटे लिलावाला जाते, ती उन्हे चढल्यावर घरी परतते. शनिवार-रविवारी पर्यटकांची गर्दी उसळते, तेव्हा घरगुती खानावळीत राबणाऱ्या स्त्रीला पाठ टेकावयास उसंत नसते. कातकरी कुटुंब पावसाळा सरला की भट्टीवर जाते आणि आईबाप दोघेही विटा थापू लागतात. आजी असली तरी तीही रोजगारावर किंवा ओहोटीच्या वेळी खडकांवर कालवे काढावयास गेलेली असते. अशा घरांत स्मार्टफोन मात्र पोहोचला आहे. ‘असर’च्या सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात पाहणी केलेल्या घरांपैकी २०१८ साली छत्तीस टक्के घरांत तो होता; २०२४ साली सुमारे चौऱ्याऐंशी टक्के घरांत होता. सहा वर्षांत घरोघर फोन गेला. त्याच वेगाने गावोगाव पाळणाघर का गेले नाही, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

पूर्वीचे सारे चांगलेच होते, असेही आम्ही म्हणणार नाही. पूर्वी लहानग्याला सांभाळण्यासाठी आठ-नऊ वर्षांच्या बहिणीची शाळा सुटत असे. आणि याहून भयंकर असा एक इतिहास आपल्याच माणसांचा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत कोकणातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या बाया कामावर जाण्यापूर्वी तान्ह्या मुलाला अफूची गोळी देत. ‘बाळागोळी’ या नावाने ती बाजारात विकली जाई. मूल दिवसभर गुंगीत पडून राही आणि आईला पाळी भरता येई. डॉक्टरांनी व मजुरांच्या स्थितीच्या चौकशी अहवालांनी ही गोष्ट नोंदवून ठेवली आहे. त्या काळीही अडाणी बायकांच्या नावाने बोटे मोडणारे होतेच. पण ज्यांना प्रश्न कळला होता, त्यांनी दुसरा मार्ग धरला. बाळंतपणाच्या रजेचे व भत्त्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात आले, तेव्हा १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा पुरस्कार केला आणि १९२९ साली तो कायदा झाला. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघराचे कलम आले. आईला दिलासा मिळाला तर मूल गुंगीत ठेवावे लागणार नाही, हे त्या पिढीने ओळखले होते.

मोबाईल म्हणजे अफू, असे आम्हाला म्हणावयाचे नाही. अफूने मुले दगावत. फोनने दगावत नाहीत. पण दोहोंच्या मागची गरज तीच आहे: आईला कामावर जायचे आहे, मुलाला पाहणारे कोणी नाही, तेव्हा मूल गप्प राहिले पाहिजे. शंभर वर्षांनी त्याच गरजेवर नवा तोडगा निघाला आहे आणि त्यावर कोणीतरी नफा कमावीत आहे. एक व्हिडिओ संपण्यापूर्वी दुसरा आपोआप सुरू होतो, तो योगायोगाने नव्हे. मूल जितकी मिनिटे पाहील तितक्या जाहिराती, असा तो धंदा आहे. मुलांची माहिती पालकांच्या संमतीवाचून गोळा केल्याबद्दल अमेरिकेत २०१९ साली गूगल व यूट्यूब यांना सतरा कोटी डॉलर भरावे लागले. ज्या कंपन्यांना तेथील सरकार जाब विचारू शकते, त्यांना येथे कोणी विचारावयाचे?

सरकार म्हणेल, आम्ही अंगणवाड्या दिल्या आहेत. दिल्या आहेत, हे खरे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील तेहतीस प्रकल्पांत सुरू झाली आणि महाराष्ट्रात आज एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. पण अंगणवाडी काही तासच उघडी असते आणि तिथे बसावयास येतात ती तीन वर्षांपुढची मुले. तीन वर्षांखालच्या मुलासाठी घरी न्यावयाचा आहार मिळतो. त्याला दिवसभर सांभाळणारे माणूस मिळत नाही. मेंदू सर्वांत झपाट्याने वाढतो, ती वर्षे नेमकी हीच.

त्यातही विटंबना अशी की, अंगणवाडीची सेविकाच आज मोबाईलला जुंपलेली आहे. पोषण ट्रॅकर या अॅपवर नोंदी भरावयाच्या, वजने भरावयाची, छायाचित्रे टाकावयाची. सरकारने दिलेले फोन निकृष्ट आणि अॅप इंग्रजीत, म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील सेविकांनी ते फोन सरकारला परत केले, हे आपल्या वाचकांना आठवत असेल. २०२५ साली घरपोच आहारासाठी लाभार्थ्याचा चेहरा फोनवर पडताळण्याची सक्ती आली. किनाऱ्यावरच्या वस्तीत रेंज येत नाही, चेहरा जुळत नाही, आणि आहार घ्यावयास आलेली आई मजुरी बुडवून ताटकळत राहते. मुलांना गोष्ट सांगावयाची ती वेळ नोंदीत जाते. ज्या बाईने मुलाच्या डोळ्यांत पाहावयाचे, तिला आपण पडद्यात पाहावयास लावले आहे. तिला वेतन नाही, मानधन आहे. उपदान मिळण्याचा हक्कसुद्धा २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितला तेव्हा मान्य झाला. डिसेंबर २०२३ पासून जानेवारी २०२४ पर्यंत राज्यातील सेविका व मदतनीस संपावर होत्या. तो संप पगाराचा म्हणून पाहिला गेला. तो लहान मुलांच्या शिक्षणाचाही होता, हे सांगण्यात आपण सारे कमी पडलो.

अंगणवाडी हा शब्द ज्यांनी रूढ केला, त्यांची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पाड्यावरची मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्याच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कोसबाडला कुरणशाळा काढली. महागडी परदेशी साधने परवडणारी नव्हती. म्हणून शंख-शिंपले, खडे, बिया, पाने यांचीच साधने केली. बोर्डीचा किनारा आणि आपला किनारा यांत फरक तो काय? वाळू तीच, शिंपले तेच. मूल शिंपला हातात घेते, फिरवते, कानाला लावते, तोंडात घालू पाहते, कोणीतरी ‘थू’ म्हणते, आणि त्या एका क्षणात जे शिकते ते देण्याची ताकद कोणत्याही अॅपमध्ये नाही. या विद्येसाठी पैसा थोडा लागतो. माणूस मात्र पूर्ण लागतो.

याच परंपरेतील आणखी एक उदाहरण नोंदविण्याजोगे आहे. बांधकामावरच्या मजुरांची मुले धुळीत पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत ‘मोबाईल क्रेशेस’ सुरू केली; पुढे मुंबई-पुण्यातही ते काम उभे राहिले. त्या काळी मोबाईल या शब्दाचा अर्थ होता, फिरते पाळणाघर: जिथे आई काम करते तिथे मुलांसाठी जागा, आणि काम पुढे सरकले की पाळणाघरही पुढे. हा अर्थ विसरला गेला आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ मुलांच्या हाती आला.

राज्यात काही गावांनी आपापल्या परीने उपाय केले आहेत. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून सायंकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला आणि दीड तास घरोघरचे टीव्ही-मोबाईल बंद ठेवण्याचे गावाने ठरविले. यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी गावाने त्याच वर्षी अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदी करण्याचा ठराव केला. दोहोंत आम्हाला पहिला मार्ग अधिक बरा वाटतो, कारण त्यात मोठी माणसेही स्वतःला बांधून घेतात. मोठ्यांनी पाहावयाचे आणि लहानांना बंदी, हा न्याय मुलेही मानीत नाहीत. तथापि भोंग्याने मिळतो तो संध्याकाळचा दीड तास. सकाळी बाजारात, दुपारी भट्टीवर काय, याचे उत्तर भोंगा देऊ शकत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. आम्ही फोनचे वैरी नाही. श्रीवर्धन-म्हसळ्याकडील एखादे मूल आखातातल्या बापाचा चेहरा फोनवर पाहते, ‘बाबा’ म्हणते आणि पलीकडून ‘ओ’ येते, तेव्हा तो पडदा राहत नाही, ती भेट होते. कारण पलीकडे उत्तर देणारे माणूस असते. कसोटी एवढीच आहे: मुलाला उत्तर मिळते आहे काय?

मग करावयाचे काय? आमच्या मते मागण्या अशा असाव्यात. अंगणवाडीला जोडून सहा महिन्यांपुढच्या मुलांसाठी पूर्णवेळ पाळणाघर हवे. केंद्राच्या ‘पालना’ योजनेत ही कल्पना कागदावर मान्य आहे. ती किनाऱ्यावरच्या किती गावांत उतरली, याचा जाब जिल्हा परिषदेत विचारला पाहिजे. पन्नास कामगारांच्या आस्थापनेत पाळणाघर असावे, अशी तरतूद २०१७ च्या दुरुस्तीने झाली आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती राहिली. परंतु मासळीबाजार, वीटभट्टी, खानावळ ही त्या आकड्यात कधीच बसत नाहीत. म्हणून प्रत्येक नगरपालिकेने मासळीबाजाराला लागून एक खोली आणि दोन प्रशिक्षित बाया द्याव्यात, आणि भट्टीच्या हंगामात तेथे फिरते पाळणाघर न्यावे. सेविकांना वेतन मिळावे आणि नोंदींचे ओझे त्यांच्या डोक्यावरून उतरावे. लहान मुलांच्या कार्यक्रमांत आपोआप सुरू होणारे व्हिडिओ व जाहिराती यांना कायद्याने आळा बसावा.

याच भूमीत चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे जमिनी न कसता खोताकडे आपल्या घामाचा हिशेब मागितला होता. त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी आपल्या लेकरांच्या वेळेचा हिशेब मागावा, यात जड जाण्यासारखे काही नाही.

परंतु मागणी करणाऱ्याने आधी स्वतःच्या घरात डोकावले पाहिजे. आपला कार्यकर्ता दिवसभर मोर्चात, बैठकीत असतो आणि रात्री घरी आला की ओसरीवर बसून पत्रके पुढे पाठवीत राहतो, गटांतील वादांना उत्तरे देत राहतो. त्याचे मूल गुडघ्याशी येऊन उभे राहते, एकदा हाक मारते, दोनदा मारते आणि निघून जाते. जगाच्या प्रश्नांना उत्तर देताना त्या हाकेला उत्तर द्यावयाचे राहून जाते. मासळीबाजारातल्या आईपाशी वेळ नाही, हे आपण समजू शकतो. तिचा वेळ तिच्याकडून काढून घेतलेला आहे. आपण मात्र तो आपल्या हाताने देऊन टाकीत आहो. निदान मुले झोपेपर्यंत कार्यकर्त्याचा फोन फडताळात राहावा, असा निर्णय प्रत्येक शाखेने घेण्यास कोणत्याही सरकारची मंजुरी लागणार नाही.